बोर्हा हेर्रेरा: हैदराबादने आणला, गोव्याने सांभाळला

३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर एफसी गोवा संघाने जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून सुपर कप जिंकला. पूर्वार्धात एक आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला एक, असे पहिले दोन गोल बोर्हा हेर्रेरा या स्पॅनिश मध्यरक्षकाने केले. तिसरा गोल देयान द्राझिचचा होता. २०१९ नंतर गोव्याने हा करंडक दुसऱ्यांदा पटकावला आणि आशियाई स्पर्धेचे दार पुन्हा एकदा किलकिले झाले. गोमंतकीय फुटबॉलप्रेमींनी त्या रात्री हेर्रेराचे नाव मनापासून घेतले.

हेर्रेराला भारतात मात्र गोव्याने आणले नव्हते. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याला करारबद्ध केले ते हैदराबाद एफसीने. त्यानंतरच्या तीन वर्षांत हा खेळाडू हैदराबाद, कोलकाता आणि गोवा अशा तीन फुटबॉल परंपरांच्या अंगणात खेळला. ज्या शहरात त्याची भारतीय कारकीर्द सुरू झाली, त्या शहरात आज आयएसएलचा संघ उरलेला नाही. एका खेळाडूची वाटचाल आणि एका शहराचे फुटबॉल यांचे धागे एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे समजून घेण्यासाठी हेर्रेराच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण अलीकडे दुसरे नाही.

मध्यरक्षकाचे काम नेमके काय?

गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते, गोल अडवणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. मध्यरक्षकाचे काम या दोघांच्या मध्ये घडते आणि बहुतेकदा नजरेतून निसटते. ढोबळमानाने मध्यफळीत तीन प्रकारचे खेळाडू असतात. पहिला बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून प्रतिस्पर्ध्याची चाल मोडतो आणि चेंडू सुरक्षितपणे पुढे सोपवतो. दुसरा दोन्ही गोलक्षेत्रांच्या दरम्यान धावत राहतो. बचावालाही असतो आणि आक्रमणालाही. तिसरा आघाडीपटूच्या मागे, प्रतिस्पर्ध्याच्या दोन फळ्यांमधल्या मोकळ्या जागेत वावरतो आणि गोलची संधी निर्माण करतो.

हेर्रेरा डाव्या पायाचा खेळाडू. मध्यफळीत तो खेळतोच, शिवाय डाव्या बाजूलाही त्याला उभे करता येते. अशा खेळाडूचे मोल प्रशिक्षकाला अधिक असते, कारण सामना सुरू असताना खेळाडू न बदलता संघाची मांडणी बदलता येते. आयएसएलमध्ये २०२१-२२ च्या हंगामापासून एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात. त्यापूर्वी ही संख्या पाच होती. चार जागांपैकी एक गोलच्या शोधात असलेल्या आघाडीपटूसाठी आणि एक बचावासाठी राखली की मध्यफळीसाठी फारसे काही उरत नाही. मग त्या जागेवर येणारा परदेशी खेळाडू दोन-तीन कामे करणारा हवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोबतच्या भारतीय खेळाडूंना घेऊन खेळणारा हवा. आघाडीपटू एखाद्या क्षणाच्या चमकेवर सामना जिंकून देऊ शकतो. मध्यरक्षकाला ती सोय नाही. त्याचा पास घेण्यासाठी दुसऱ्याने योग्य जागी धावावे लागते, आणि ती धाव सरावातून, सहवासातून आणि एकाच पद्धतीच्या पुनरावृत्तीतून येते. म्हणूनच मध्यरक्षकाला स्थैर्य लागते: प्रशिक्षकाचे, सहकाऱ्यांचे आणि क्लबचे.

बेटावरचा क्लब

हेर्रेराचा जन्म ८ जानेवारी १९९३ रोजी लास पाल्मास येथे झाला. हे शहर स्पेनच्या मुख्य भूमीवर नाही. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरात कॅनरी बेटे आहेत. त्यांतील ग्रान कनारिया या बेटाचे हे मुख्य शहर. लोकवस्तीच्या मानाने या बेटांनी स्पॅनिश फुटबॉलला दिलेले मध्यरक्षक थक्क करणारे आहेत. हुआन कार्लोस व्हालेरॉन आणि विश्वविजेत्या संघातला दाविद सिल्वा हे दोघेही ग्रान कनारियाच्या आर्गिनेगिन या किनारी गावचे. शेजारच्या तेनेरिफे बेटावर जन्मलेला पेद्री लास पाल्मास क्लबमधूनच २०२० मध्ये बार्सिलोनात गेला. लहानशा प्रदेशात चेंडूवर प्रेम करणारी माणसे दाटीने राहत असली की काय घडते, हे गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

हेर्रेरा याच लास पाल्मास क्लबच्या युवा संघात घडला आणि तिथूनच व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला. व्हालेरॉन किंवा सिल्वा यांच्यासारखी कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही. स्पेनमध्ये दरवर्षी शेकडो तांत्रिकदृष्ट्या तयार खेळाडू बाहेर पडतात आणि अव्वल श्रेणीत कायमची जागा मोजक्यांनाच मिळते. उरलेल्यांपुढे दोन मार्ग असतात: दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत खेळत राहणे किंवा देश सोडणे. हेर्रेराने दुसरा मार्ग धरला. तो आधी इस्रायलमधील मक्काबी नेतान्या क्लबकडून खेळला आणि तिथून, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, हैदराबादला आला.

या निर्णयामागे एक ओळखीचे नाव दिसते. हैदराबादचे तत्कालीन प्रशिक्षक मानोलो मार्केझ २०१७ मध्ये काही काळ लास पाल्मासच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक होते. त्या क्लबच्या मुशीतून निघालेला खेळाडू काय करू शकतो, हे त्यांना बाहेरून विचारण्याची गरज नव्हती. परदेशी खेळाडूंच्या बाजारात चित्रफिती आणि दलालांच्या शिफारशी पुष्कळ मिळतात. एखाद्या क्लबची खेळण्याची घडण आतून ठाऊक असणे मात्र दुर्मीळ असते.

जामबागेजवळचे जुने फुटबॉल

हैदराबादेतील जामबाग हा भाग मराठी माणसाला परका नाही. कोठी आणि अबिड्सच्या मधला हा परिसर फुलांच्या बाजारासाठी जितका प्रसिद्ध, तितकाच विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेसाठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, निजामाच्या राजवटीत मराठी मुलांना मातृभाषेतून शिकता यावे म्हणून केशवराव कोरटकर यांच्या पिढीने जी धडपड केली, तिचे हे मूर्त रूप. शहराच्या मराठी सार्वजनिक जीवनाचा एक मोठा भाग याच परिसरात घडला.

या जामबागेपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत बशीरबागेतील लालबहादूर शास्त्री स्टेडियम लागते. त्याचे जुने नाव फतेह मैदान. भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळातील कित्येक खेळाडू याच शहराने दिले. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९५० मध्ये त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षीच्या ड्युरँड कप स्पर्धेत पोलिसांनी मोहन बागानला नमवून विजेतेपद मिळवले आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप आपल्याकडे ठेवला. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा गोमंतकीय वंशाचा होता. हैदराबादचा गुरू आणि गोव्याच्या रक्ताचा आघाडीपटू, असे हे नाते तेव्हापासूनचे आहे.

रहीम यांची शिकवण आज वाचताना स्पॅनिश वाटते. चेंडू पायात धरून ठेवू नका, एका स्पर्शात सोडा, तो जमिनीलगत ठेवा, दोन्ही पाय सारखे वापरा, यावर त्यांचा भर असे. ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने त्यांनी खेळवले. खेळाडूला फक्त कमकुवत पायाने खेळायला लावणारे सामनेही त्यांनी घेतले. बार्सिलोनाने पासिंगचा खेळ जगभर पोहोचवण्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या पठारावर एक शाळामास्तर तेच शिकवत होता.

हे सारे उभे होते ते एका संस्थेच्या पाठबळावर. पोलीस खात्याने खेळाडूंना नोकरी दिली. त्यामुळे ते एकत्र राहिले, वर्षानुवर्षे एकमेकांसोबत खेळले. पुढे कोलकात्याच्या मोठ्या क्लबांनी हैदराबादचे खेळाडू ओढून नेले. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम ईस्ट बंगालमध्ये गेला, इतरही गेले. १९६३ मध्ये रहीम यांचे निधन झाले. गुरू गेला, आधार देणारी व्यवस्था क्षीण झाली आणि शहराचा पासिंगचा खेळ हळूहळू आठवणींपुरता उरला. कौशल्य शहरात होते, परंतु ते सांभाळणारी संस्था खिळखिळी झाली की कौशल्य टिकत नाही, हा धडा हैदराबादने एकदा असा घेतला होता.

विजेतेपद फातोर्ड्यात, घर गचिबावलीत

२०१९ मध्ये पुणे सिटी क्लबच्या जागी हैदराबाद एफसी आयएसएलमध्ये आला. पहिल्याच हंगामात हा संघ १८ सामन्यांत केवळ १० गुण मिळवून तळाला राहिला. २०२० मध्ये मार्केझ आले आणि चित्र पालटू लागले. कोविडमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यात झाले. हैदराबादचा संघ आपले ‘घरचे’ सामने गोव्यातच खेळत होता. २० मार्च २०२२ रोजी फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अंतिम सामन्यात त्याने केरळा ब्लास्टर्सला १-१ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये ३-१ असे हरवले आणि आयएसएल करंडक उचलला.

त्या रात्रीचे दोन नायक गोव्याचेच होते. सामना हातातून निसटत असताना ८८व्या मिनिटाला बरोबरीचा गोल करणारा साहिल ताव्होरा, आणि शूटआऊटमध्ये तीन फटके अडवणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी. २०१५ च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर एफसी गोवाकडून खेळताना कट्टीमनीच्या पदरी चेन्नईयनविरुद्ध ३-२ असा पराभव आणि एक स्वयंगोल आला होता. सात वर्षांनी त्याच गवतावर त्याने दुसऱ्या शहराला विजेतेपद मिळवून दिले.

विजेत्या संघाला आपल्या प्रेक्षकांसमोर खेळण्याची संधी पुढच्या हंगामात मिळाली. हेर्रेरा आला तो नेमका त्या वेळी. संघाचे घर होते शहराच्या पश्चिम टोकाला, गचिबावलीच्या जी. एम. सी. बालयोगी स्टेडियमवर. जामबाग-कोठीच्या जुन्या शहरापासून हे मैदान वीसेक किलोमीटर दूर. एकेकाळी कोठी-बशीरबागेच्या गजबजाटात पायी जाऊन पाहता येणारे फुटबॉल आता माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारतींशेजारी गेले होते. जुन्या हैदराबादचा फुटबॉलशी असलेला स्मृतीचा धागा आणि नव्या क्लबचे घर यांच्यात हे अंतर होते. ते सांधायला काही वर्षे सलग चांगले फुटबॉल दाखवावे लागणार होते.

मैदानावर तरी सुरुवात उत्तम झाली. २०२२-२३ मध्ये हैदराबादने ४२ गुणांसह साखळीत दुसरे स्थान मिळवले. ब्राझीलचा जोआव व्हिक्टर मध्यफळीचा कणा होता आणि त्याच्या पुढे हेर्रेराला मोकळीक मिळत होती. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहिले आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये हैदराबादचे आव्हान संपले. सलग दुसऱ्या अंतिम फेरीची संधी काही फटक्यांच्या फरकाने गेली.

पगार थांबला की पासही थांबतो

यानंतर जे घडले ते भारतीय फुटबॉलच्या नकाशावर कायमची खूण ठेवणारे आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मार्केझ गोव्यात आले. हैदराबाद क्लब आर्थिक अडचणीत सापडला. खेळाडूंची देणी थकल्याच्या तक्रारी जागतिक फुटबॉल महासंघापर्यंत पोहोचल्या आणि क्लबवर नवे खेळाडू घेण्यास बंदी आली. परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले. २०२३-२४ च्या हंगामात प्रशिक्षक थांगबोई सिंग्टो यांना तरुण भारतीय खेळाडूंना घेऊन लढावे लागले. २२ सामन्यांत केवळ एक विजय मिळाला आणि संघ तळाला गेला. दोनच वर्षांपूर्वी करंडक उचललेला हा क्लब होता. पुढे मालकी बदलली, पण तुटलेली घडी नीट बसली नाही. २०२५ मध्ये क्लब दिल्लीला हलवण्यात आला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली हे नाव त्याला मिळाले.

यात तरुण भारतीय खेळाडूंचा दोष नव्हता. त्यांना जी पद्धत शिकवली जात होती, तिचा आधारच निघून गेला होता. मध्यफळीत अनुभवी माणूस नसला की बचावपटू घाईने चेंडू लांब भिरकावतो, आघाडीपटू एकटा पडतो आणि संघ दिवसभर चेंडूच्या मागे धावत राहतो. हैदराबादच्या त्या हंगामात हेच वारंवार दिसले. सत्तर वर्षांपूर्वी पोलीस खात्याच्या नोकरीने जे काम केले होते, ते काम करणारी व्यवस्था या वेळी अवघ्या चार वर्षांत कोसळली.

हेर्रेरा २०२३ मध्ये कोलकात्याला, ईस्ट बंगालकडे गेला. तिथे प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात हेही स्पॅनिशच. त्या वर्षी ईस्ट बंगालने ड्युरँड कपच्या अंतिम फेरीत धडक मारली, पण मोहन बागानने १-० असा विजय मिळवला. हंगामाच्या मध्यावर, २०२४ च्या जानेवारीतील खेळाडू बदलाच्या काळात, हेर्रेरा लोनवर एफसी गोवा संघात दाखल झाला. मार्केझ यांच्याकडे तो परत आला, असे म्हणणे अधिक योग्य. हंगामाच्या मध्यात नव्या संघात रुळायला परदेशी खेळाडूला सहसा महिने लागतात. प्रशिक्षकाची पद्धत आधीच अंगवळणी पडलेली असल्याने हेर्रेराचा तो काळ वाचला.

फातोर्ड्यातले दोन धक्के आणि एक हॅटट्रिक

गोव्यातले पहिले महिने सुखद शेवटाचे नव्हते. २०२३-२४ मध्ये गोव्याने साखळीत ४५ गुण मिळवून तिसरे स्थान घेतले. २४ एप्रिल २०२४ रोजी फातोर्ड्यात मुंबई सिटीविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलमुळे गोवा २-० असा पुढे होता. नव्वदावे मिनिट लागले आणि पुढच्या काही मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. २-३ अशा पराभवानंतर मुंबईतही गोवा ०-२ असा हरला. आघाडी मिळाल्यावर चेंडू ताब्यात ठेवून सामना शांत करणे हे मध्यफळीचे काम. त्या अखेरच्या मिनिटांत ते जमले नाही.

त्या उन्हाळ्यात क्लबने हेर्रेराला कायम करारावर घेतले. २७ सप्टेंबर २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर त्याने आपल्या जुन्या क्लबविरुद्ध, ईस्ट बंगालविरुद्ध, हॅटट्रिक केली. गोव्याने सामना ३-२ असा जिंकला. हंगामातला तो पहिलाच विजय होता. सामन्याचा अखेरचा टप्पा गोव्याने दहा खेळाडूंनिशी खेळून काढला. काही दिवसांतच कुआद्रात यांनी ईस्ट बंगालचे प्रशिक्षकपद सोडले. ज्याला हंगामाच्या मध्यावर लोनवर सोडले होते, त्यानेच आपल्याच मैदानावर तीन गोल चढवावेत, याहून कटू धडा क्लबला मिळणे कठीण.

२०२४-२५ च्या साखळीत गोव्याने २४ सामन्यांत ४८ गुण मिळवले आणि विजेत्या मोहन बागानमागोमाग दुसरे स्थान घेतले. उपांत्य फेरीत बेंगळुरूने पहिला सामना २-० असा जिंकला होता. ६ एप्रिल २०२५ रोजी फातोर्ड्यात परतीच्या सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच हेर्रेराने गोल केला. ८८व्या मिनिटाला आर्मांदो सादिकूने दुसरा गोल केला आणि एकूण गोलसंख्या २-२ झाली. सामना जादा वेळेत जाणार असे वाटत असतानाच भरपाई वेळेत सुनील छेत्रीने हेडरद्वारे बेंगळुरूला अंतिम फेरीत नेले. सलग दुसऱ्या वर्षी फातोर्ड्यातले प्रेक्षक सुन्न होऊन घरी परतले.

चार आठवड्यांनी भुवनेश्वरला जे घडले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. सुपर कपमध्ये मोहन बागानला उपांत्य फेरीत ३-१ असे हरवताना हेर्रेराने गोल केला आणि अंतिम सामन्यात दोन. वयाच्या ३२व्या वर्षी, कारकिर्दीच्या उताराकडे झुकणाऱ्या काळात, त्याने आपले सर्वांत महत्त्वाचे गोल केले. पहिला धक्का पचवून तोच प्रशिक्षक, तीच पद्धत आणि संघाचा तोच गाभा क्लबने राखला नसता, तर हे घडण्याची शक्यता कमीच होती.

गोव्याची स्पॅनिश मध्यफळी

हेर्रेरा हा या परंपरेतला पहिला नव्हे. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हापासून एफसी गोवाने स्पॅनिश पद्धतीची कास धरली. लोबेरा यांच्यासोबत आलेला सांतांदेरचा एदू बेदिया गोव्यात सहा हंगाम राहिला. रेसिंग सांतांदेर, बार्सिलोनाचा ब संघ, ओव्हिएदो आणि झारागोझा अशी वाट तुडवून आलेल्या या मध्यरक्षकाने गोव्याचे नेतृत्वही केले. २० एप्रिल २०२१ रोजी फातोर्ड्यात इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध त्याने केलेला गोल हा आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने केलेला पहिला गोल. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात मोहम्मडन स्पोर्टिंगविरुद्ध जादा वेळेत त्याने फ्री किकवर गोल केला आणि गोव्याला पहिला ड्युरँड कप मिळवून दिला.

या दोघांच्या दरम्यान प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले. लोबेरा यांना २०२० च्या जानेवारीअखेर पद सोडावे लागले आणि क्लिफर्ड मिरांडा यांच्या हंगामी मार्गदर्शनाखाली गोव्याने लीग विनर्स शिल्ड जिंकली. पुढे हुआन फेरांदो आले, नंतर मार्केझ. नावे वेगळी, पण चेंडू जमिनीवर ठेवून मध्यफळीतून खेळण्याचे सूत्र बहुतांशी टिकले. म्हणून नवा मध्यरक्षक आला की त्याला पास देणारे आणि त्याचा पास ओळखणारे सहकारी आधीच तयार सापडतात. दीर्घकाळ एकच दिशा धरून ठेवल्याचा हा लाभ.

याचे खरे फळ परदेशी खेळाडूंच्या गोलसंख्येत शोधू नये. ब्रँडन फर्नांडिससारखा गोमंतकीय मध्यरक्षक बेदिया आणि जाहू यांच्या सहवासात देशातील अव्वल खेळाडूंत गणला गेला. हेर्रेराच्या काळात ब्रायसन फर्नांडिस पुढे आला. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये त्याला उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गोव्याने ओमानच्या अल सीबला फातोर्ड्यात २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीग टू स्पर्धेच्या मुख्य फेरीत प्रवेश केला. ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा अल नस्र क्लब फातोर्ड्यात आला, तेव्हा १-२ अशा पराभवातला गोव्याचा एकमेव गोल ब्रायसनचाच होता. हेर्रेराच्या दोन गोलनी उघडलेल्या दारातून एक गोमंतकीय तरुण आशियाच्या रंगमंचावर गेला.

गोव्याने काय जपावे?

तरीही गोव्याने निर्धास्त राहावे, अशी परिस्थिती नाही. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवण्यात आला. व्यावसायिक हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटत नव्हता आणि देशभरातील खेळाडूंपुढे वेतनाची चिंता उभी राहिली. अशा वातावरणात एफसी गोवाने आशियाई सामने खेळले आणि डिसेंबर २०२५ मध्ये फातोर्ड्यात ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून सुपर कप राखला. क्लबची घडी मजबूत असली की वादळातही संघ उभा राहतो, हे यातून दिसले. मात्र लीगच डळमळीत असेल, तर एकट्या क्लबची घडी किती काळ टिकेल, हा प्रश्न उरतोच.

गोव्याने याआधीही असा अनुभव घेतला आहे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन नामांकित क्लबांनी राष्ट्रीय लीगच्या भवितव्याविषयी मतभेद होऊन आय-लीगमधून अंग काढून घेतले. ज्या क्लबांनी दशकानुदशके गोमंतकीय मध्यरक्षक घडवले, त्यांची राष्ट्रीय पातळीवरची दारे एका निर्णयाने बंद झाली. धेंपोला तिथे परतायला अनेक वर्षे लागली. त्या काळात ज्यांची विशी उलटली, त्यांतील किती जणांची कारकीर्द वाट पाहण्यातच संपली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हैदराबादेत आज जामबाग-कोठीच्या परिसरातील फुटबॉलप्रेमी आपल्या संघासाठी दिल्लीकडे पाहू शकत नाही. रहीम यांच्या शहरात पासिंगचा खेळ दोनदा रुजला: एकदा पोलीस खात्याच्या आश्रयाने, एकदा स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली. दोन्ही वेळा खेळाडू उत्तम होते, गुरू उत्तम होते; आधार देणारी संस्था टिकली नाही. त्यांपैकी दुसऱ्या वेळचे संचित गोव्याला मिळाले: प्रशिक्षक मिळाला, खेळाडू मिळाला आणि करंडकही मिळाला. दुसऱ्या शहराच्या पडझडीतून आलेले हे धन आहे, याची जाणीव गोव्याने ठेवावी. वेळेवर होणारे पगार, हंगाम अर्ध्यावर असताना न डगमगणारे व्यवस्थापन आणि स्थानिक मुलांना परदेशी खेळाडूंसोबत दिलेली मैदानावरची मिनिटे या गोष्टी टाळ्या मिळवत नाहीत. पण त्या असतील तरच पुढचा हेर्रेरा गोव्यात येईल, आणि त्याच्याकडून पास घेणारा पुढचा ब्रायसन तयार असेल.